जेम्सटाउन की मोझांबिक बेट?

पूर्वी भारत आणि युरोपदरम्यान ये-जा करणारी युरोपीय जहाजं या दोन्ही बंदरांत थांबत. दोन्हींपैकी एकच गाठता येणार असेल, तर आधी प्रवासाचा हिशेब करा. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाच्या जेम्सटाउनला जोहान्सबर्गहून विमान जातं, बहुतेकदा आठवड्यातून एकदाच, आणि वारा आडवा आला की तेही रखडतं. गंभीर आजारपणात बेटाबाहेर हलवण्याचा खर्च देणारा विमा सक्तीचा आहे.

मोझांबिक देशाच्या उत्तर किनाऱ्याजवळचं मोझांबिक बेट त्यामानाने सोपं. नांपुला शहरापर्यंत विमान, पुढे सुमारे १८० किलोमीटर रस्ता आणि शेवटी समुद्रावरचा ३ किलोमीटरहून लांब, एकेरी पूल. मात्र मलेरियाची गोळी चुकवू नका आणि जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने टाळा. उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतात २०१७पासून सशस्त्र संघर्ष आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी तिथल्या परिस्थितीची ताजी माहिती घ्या.

जेम्सटाउन अरुंद घळीत वसलंय. ईस्ट इंडिया कंपनीने १६५९मध्ये इथे बस्तान बसवलं. पर्यटक येतात ते मुख्यतः नेपोलियनसाठी, आणि हद्दपारीत तो राहिला ते लाँगवुडचं घर पाहावंच. पण मला विचाराल, तर शेजारच्या रूपर्ट्स व्हॅलीला अर्धा दिवस द्या. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले हजारो आफ्रिकी लोक १८४०पासून इथे उतरवले गेले. त्यातल्या सुमारे ८ हजार जणांना इथेच पुरलं. विमानतळाच्या कामात उकरून काढलेल्या ३२५ जणांना पुन्हा मूठमाती मिळायला २०२२ उजाडलं.

मोझांबिक बेटावर इतिहास असा शोधत जावं लागत नाही, गावाची ठेवणच तो सांगते. उत्तरेला दगडी शहर: १५२२चं बालुआर्तेचं चॅपल आणि १६०७ व १६०८मध्ये डचांना दाद न देणारा पोर्तुगिजांचा साओ सेबाश्तियाओ किल्ला. दक्षिणेला झावळ्यांनी शाकारलेली माकुती वस्ती. ती खोलगट आहे, कारण उत्तरेच्या वाड्यांचा दगड तिथूनच खणून नेला. पावसाचं पाणी आजही तिथेच साचतं. १७५२पर्यंत इथला पोर्तुगीज कारभार गोव्याहून चाले. मशिदी, चर्च आणि हिंदू देऊळ चालत जाण्याच्या अंतरात आहेत. १८९८मध्ये मोझांबिकची राजधानी इथून हलली, त्यामुळे बऱ्याच वास्तू पडक्या दिसतील.

मनमुराद डोंगरवाटा चालायच्या असतील आणि सवड असेल, तर जेम्सटाउन. बाकी कुणालाही मी मोझांबिक बेटच सुचवेन. दोन-तीन रात्री मुक्काम करा, माकुतीत स्थानिक वाटाड्या घेऊन फिरा आणि फोटो काढण्याआधी घरच्यांना विचारा.