सांगोला–सोलापूर एसटी: आमदारांच्या सीटवर बसून

महिन्यातून एकदा डोळे दाखवायला मला सोलापूरला जावं लागतं. मुलगा म्हणतो, गाडी करून देतो. पण मी स्टँडवर जाऊन लालपरीच धरते. परवाच्या सकाळच्या गाडीचं सांगते.

गाडी वेळेवर लागली, आत झाडलेलं होतं. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बायकाच जास्त दिसतात. कंडक्टर पोरगेलासा, पण माणूस गुणाचा. एका म्हातारीचं बोचकं त्यानं स्वतः उचलून आत घेतलं. मला पुढची सीट मिळाली. बघते तर खिडकीवर लिहिलेलं, आमदारांसाठी राखीव. मी उठायला लागले तसा तो म्हणाला, "बसा ओ काकू, कोण येतंय!"

शेजारी धोतरातले एक आजोबा होते. ते म्हणाले, "येणारं माणूस एकच होतं. आबासाहेब."

आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख. आमच्या सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले. पहिल्यांदा १९६२ला, शेवटचं २०१४ला, तेव्हा वयाची ऐंशी ओलांडलेली. मधे १९७२ला पडले, १९९५ला पडले, पण शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, सोडला नाही. दोनदा मंत्रीही झाले. तरी बाहेरच्या माणसाला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक असतं, की हा आमदार एसटीनं फिरायचा. मला त्यात साधेपणापेक्षा मोठं काहीतरी वाटतं. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला बंगल्याच्या फाटकावर थांबावं लागत नाही, तो शेजारच्या सीटवर येऊन बसतो. आमदाराला एसटीत जागा राखून ठेवतात ती याचसाठी असावी, असं मला मनापासून वाटतं.

आमचा तालुका दुष्काळी. पाऊस नाही तर काम नाही, काम नाही तर ऊसतोडीला चला. तिथं त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली, पुढं बायकांची वेगळी. माझी नणंद त्या बायकांच्या गिरणीत लागली. पहिला पगार तिनं आणून सासूबाईंच्या पदरात टाकला. सासूबाईंनी नोटा दोनदा मोजल्या, मग देवापुढं ठेवल्या. त्या दिवसापासून घरात नणंदेला विचारल्याशिवाय काही ठरलं नाही.

मंगळवेढ्यात गाडी थांबली. तिथं एका टपरीवर चहा घेतला, नुसतं गोड पाणी. घरून थर्मास न्यावा हे बरं. पुढं काळी रानं, मग बेगमपूरला भीमेचा पूल. पुलावर आजोबांनी टोपी काढली, नदीला हात जोडले. मग म्हणाले, "आबासाहेब सोलापूरच्याच दवाखान्यात वारले बघा." ३० जुलै २०२१. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नव्हती.

पावणेदोन तासांत सोलापूर. अंग अवघडलं नाही, हिसके बसले नाहीत. माझ्याकडून पाचपैकी पाच. सकाळच्या गाडीला डाव्या हाताची खिडकी धरा, ऊन लागत नाही. आणि ती पुढची सीट रिकामी दिसली तर खुशाल बसा, कंडक्टर उठवत नाही.