परतावा सातव्या दिवसापर्यंत, लॅब दहाव्या दिवसापासून

मी चार वर्षे एका कंपनीच्या हेल्प डेस्कवर काम करत होते. पासवर्ड बदलून देणे, प्रिंटर जोडून देणे, तक्रार नोंदवून ती सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांकडे पाठवणे असे ते काम होते, आणि पाठवलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे मला क्वचितच कळत असे. एका रात्रपाळीत फाइल सर्व्हर बंद पडला, तेव्हा ज्याला झोपेतून उठवले त्या सहकाऱ्याने काळ्या पडद्यावर दहा-बारा ओळी टाइप करून तो वीस मिनिटांत पुन्हा सुरू केला. हे काम आपल्याला आलेच पाहिजे, असे त्या रात्री मनाने घेतले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी सर्व्हर प्रशासन शिकवणाऱ्या एका ऑनलाइन संस्थेत प्रवेश घेतला. पुढे जे घडले ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण फसवणुकीच्या बहुतेक खुणा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच माझ्या डोळ्यांसमोर आल्या होत्या आणि त्यांतली प्रत्येक खूण मी माझेच अज्ञान समजून सोडून दिली.

जाहिरातीत थेट वर्ग, प्रत्येकासाठी सरावाची स्वतंत्र लॅब, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आणि नोकरीची शंभर टक्के हमी अशी आश्वासने होती. चौकशीचा अर्ज भरून दहा मिनिटेही झाली नसतील, तोच समुपदेशकाचा फोन आला. "मॅडम, तुमचा अनुभव या अभ्यासक्रमाला अगदी साजेसा आहे. या बॅचमध्ये दोनच जागा उरल्या आहेत, आज नोंदणी केलीत तरच सवलत धरता येईल," असे तो म्हणाला. शुल्क माझ्या पाच महिन्यांच्या पगाराइतके होते. एवढी रक्कम एकदम भरणे शक्य नाही असे सांगताच त्याने बिनव्याजी हप्ते बांधून देण्याची तयारी दाखवली आणि बोलता बोलताच माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागून घेतला. त्या एका ओटीपीने एका वित्तपुरवठा कंपनीचे अठरा हप्त्यांचे कर्ज माझ्या नावावर चढले होते आणि कर्जाची पूर्ण रक्कम त्याच आठवड्यात संस्थेच्या खात्यात जमा झाली होती. ही गोष्ट मला तीन महिन्यांनी, हप्ता थांबवण्याची विनंती केल्यावर कळली.

करारपत्र ईमेलने आले तेही नोंदणी झाल्यानंतर. ते चौदा पानांचे होते आणि मी ते चाळून बाजूला ठेवले. पुढे तक्रारीसाठी शब्दन्‌शब्द वाचले, तेव्हा फोनवर ज्याला "हमी" म्हटले होते त्याच्या जागी करारात "नोकरी शोधण्यासाठी साहाय्य" असे शब्द आढळले. शुल्क परत मागण्याची मुदत पहिल्या सात दिवसांची होती. वेळापत्रकानुसार पहिला आठवडा ओळख, स्वागत आणि उद्योगक्षेत्राचा आढावा यांतच जात होता, आणि लॅबचे लॉगिन मिळत होते दहाव्या दिवशी. विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याआधीच ती परत करण्याचा हक्क संपेल, अशा बेताने हे वेळापत्रक आखले होते, असे माझे ठाम मत आहे.

थेट वर्गात शिक्षक आमच्यापैकी कोणालाही नावाने हाक मारत नसत. चॅटमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी समन्वयक लेखी पाठवत असे. तिसऱ्या आठवड्यात लॉगमधल्या, म्हणजे मशीनवरच्या घटनांच्या नोंदवहीतल्या, नोंदी कशा वाचाव्यात हे सांगताना शिक्षकांनी तारीख दाखवणारी डेट ही कमांड चालवली आणि पडद्यावर २०१५ हे साल उमटले. मी समन्वयकाला विचारले, तेव्हा "सरावाच्या मशीनचे घड्याळ मुद्दाम मागे ठेवलेले असते," असे उत्तर मिळाले. मी ते मान्य केले. वास्तविक सर्व्हर सांभाळणाऱ्याला जे अगदी आधी शिकवायला हवे त्यात सर्व मशीनची घड्याळे एकमेकांशी जुळवून ठेवणे येते, कारण वेळ चुकली की लॉगमधल्या घटनांचा क्रम लागत नाही आणि मशीनची ओळख पटवणाऱ्या डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्रांची तपासणीसुद्धा फसते. ज्या संस्थेने मला हे शिकवायचे, तिचाच माणूस घड्याळ मुद्दाम चुकीचे ठेवतात असे सांगत होता.

त्याच तासाला कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, आवृत्ती दाखवली गेली आणि ती २.६.३२ या आकड्यांनी सुरू होत होती. मी तो आकडा वहीत उतरवून घेतला, पण त्याचा अर्थ शोधला नाही. हे कर्नल रेड हॅट कंपनीच्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स या सर्व्हर प्रणालीच्या आणि तिचेच मोफत रूप असलेल्या सेंटओएसच्या सहाव्या आवृत्तीचे. सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपला, म्हणजे त्यानंतर त्या प्रणालीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे बंद झाले. रेड हॅटची सातवी आवृत्ती २०१४ मध्ये आली तेव्हापासून सेवा सुरू करणे, थांबवणे आणि बूटच्या वेळी त्यांचा क्रम लावणे ही सारी कामे सिस्टमडी या प्रोग्रामकडे गेली आहेत. आम्हाला मात्र २०२३ मध्ये, नववी आवृत्ती येऊन वर्ष उलटल्यावर, त्याआधीच्या पद्धतीतल्या चेककॉन्फिगच्या कमांड पाठ करायला लावल्या जात होत्या. आमचे थेट वर्ग हे वास्तविक आठ वर्षांपूर्वीचे ध्वनिचित्रमुद्रण होते.

स्वतंत्र लॅबची गोष्ट याहून वाईट निघाली. बॅचमधल्या आम्हा सर्वांना एकाच व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकावर, खाती दिली होती. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड कोणाकडेच नव्हता आणि ते अधिकार तात्पुरते देणाऱ्या सुडोने मोजक्याच कमांड चालत. इतर जण त्याच मशीनवर काम करत असल्यामुळे ते रीबूट करायला मनाई होती, नवी डिस्क जोडता येत नव्हती, फायरवॉलला हात लावता येत नव्हता. सर्व्हर प्रशासन शिकायचे म्हणजे मशीन पुन्हा पुन्हा बिघडवायचे आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचे, आणि नेमकी हीच मुभा आम्हाला सहा महिन्यांत एकदाही मिळाली नाही. फाइलींची यादी पाहणे आणि परवानग्या बदलणे यापलीकडे माझे हात गेले नाहीत.

शेवटच्या महिन्यात तीनशे बहुपर्यायी प्रश्नांचा संच आला. त्याच्या मथळ्यावर आरएचसीएसए हे रेड हॅटच्या परीक्षेचे नाव होते. ती परीक्षा कशी असते हे रेड हॅटच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते: उमेदवाराला प्रत्यक्ष मशीन दिले जाते, त्यावर कामे पूर्ण करावी लागतात, मशीन रीबूट झाल्यावरही ती कामे टिकलेली असावी लागतात, आणि ३०० पैकी २१० गुण मिळाले तर उत्तीर्ण. बूट मध्येच थांबवून प्रणालीत प्रवेश मिळवणे, डिस्कचे भाग पाडणे, एलव्हीएम या डिस्कची जागा लवचीकपणे वाटणाऱ्या व्यवस्थेचे खंड वाढवणे आणि एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेच्या अडचणी सोडवणे हे तिच्या अभ्यासक्रमात आहे. ज्या परीक्षेत पर्याय निवडण्याचा प्रश्नच नसतो तिचा बहुपर्यायी संच कोणी हातात ठेवला, तर त्याने ती परीक्षा पाहिलेली नाही किंवा तो आपल्याला जाणूनबुजून फसवत आहे. मी परीक्षेचे ते पान तोवर उघडूनही पाहिले नव्हते. मुख्यतः बहुपर्यायी असणारी परीक्षाही आहे. एलपीआय या लिनक्सची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या पहिल्या पातळीसाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात, प्रत्येकीत ९० मिनिटांत ६० प्रश्न असतात आणि मिळालेले प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. ती आपल्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून देऊन घेण्याचा प्रस्तावही समन्वयकाने वेगळ्या शुल्काच्या बदल्यात माझ्यापुढे ठेवला. तो मी नाकारला. अशा परीक्षांच्या आधी उमेदवार गोपनीयतेच्या अटी मान्य करतो, आणि तोतया बसवल्याचे उघड झाले तर प्रमाणपत्र रद्द होऊन पुढच्या परीक्षांची दारे बंद होऊ शकतात.

संस्थेने २०२४ च्या फेब्रुवारीत स्वतःची एक ऑनलाइन चाचणी घेतली आणि मला "आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र" पाठवले. ते दिसायला नेटके होते. त्यावर क्रमांक होता, क्यूआर कोड होता, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचे नाव एका सुप्रसिद्ध संस्थेच्या नावात एखाद्या शब्दाचा फेरफार करून ठेवलेले होते.

एप्रिलमध्ये एका मुलाखतीला गेले. मुलाखत घेणारे गृहस्थ वयाने मोठे आणि बोलायला मृदू होते. त्यांनी प्रमाणपत्रावरचा कोड स्वतःच्या मोबाइलने वाचला, उघडलेले पान पाहिले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पान माझ्या प्रशिक्षण संस्थेच्याच संकेतस्थळावर होते. "ताई, ज्यांनी शुल्क घेतले तेच परीक्षक आणि तेच पडताळणी करणारे, हे तुमच्या लक्षात आले नाही का?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या बोलण्यात हिणवण्याचा भाव नव्हता. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी एक प्रश्न दिला: बूटच्या वेळी कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये नव्या डिस्कची ओळ लिहिताना चूक झाली, सर्व्हर रीबूट केला आणि आता तो इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे केवळ दुरुस्तीपुरता चालू अवस्थेत, अडकला आहे, तर तुम्ही काय कराल? एफएसटॅब म्हणजे काय हे मी सांगू शकले, पण असा पडदा मी जन्मात पाहिलेला नव्हता. मी गप्प राहिले.

त्याच रात्री घरच्या लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन तयार केले. त्यासाठी काहीही खर्च आला नाही. रेड हॅटसारख्याच असलेल्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या प्रणाली मोफत मिळतात, आणि रेड हॅटसुद्धा व्यक्तिगत डेव्हलपर योजनेत सोळा मशीनपर्यंत विनाशुल्क वापर करू देते. एफएसटॅबमध्ये डिस्कचा ओळखक्रमांक जाणूनबुजून चुकीचा लिहिला आणि मशीन रीबूट केले. ती डिस्क सापडेना म्हणून बूट दीड मिनिट थांबला आणि नंतर रूटचा पासवर्ड मागणारा पडदा आला. पासवर्ड दिला, जर्नल म्हणजे प्रणालीच्या नोंदी वाचल्या, अडलेली ओळ शोधली, मूळ फाइल प्रणाली लिहिण्यायोग्य करून पुन्हा माउंट केली, म्हणजे जोडली, ती ओळ निष्क्रिय केली आणि रीबूट केले. मशीन सरळ चालू झाले. पहिल्या खेपेला तीन तास लागले, पाचव्या खेपेला चार मिनिटे. रीबूट करण्याआधी माउंट कमांडला "ए" हा पर्याय देऊन एफएसटॅब तपासली असती तर चूक तिथेच सापडली असती, हेही त्याच रात्री कळले. सहा महिने आणि पाच पगार घालून जे मिळाले नाही ते एका रात्रीत मिळाले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

या फसवणुकीत नवशिक्याची खरी अडचण अशी की खोटे ओळखायला जे ज्ञान लागते तेच विकत घ्यायला तो आलेला असतो. म्हणून ज्या गोष्टी तपासायला सर्व्हरचे काहीही ज्ञान लागत नाही, त्यांवर मी भर देईन. परीक्षेचे स्वरूप परीक्षा घेणाऱ्या मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर वाचावे आणि ते समुपदेशकाच्या बोलण्याशी जुळते का ते पाहावे. प्रमाणपत्राची पडताळणी कोणाच्या संकेतस्थळावर होते हे विचारावे. शिकवली जाणारी प्रणाली कोणत्या आवृत्तीची आहे आणि तिचा आधार कोणत्या तारखेला संपतो, हे शोधायला पाच मिनिटे पुरतात. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीतही हेच करावे. एमसीएसई आणि एमसीएसए या तिच्या प्रमाणपत्रांच्या परीक्षा ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद झाल्या, तरीही ती प्रमाणपत्रे मिळवून देतो असे कोणी म्हणत असेल तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. शुल्क भरण्याआधी एक दिवसासाठी लॅबचे लॉगिन मागावे, त्यावर रूटचा अधिकार मिळतो का आणि मशीन रीबूट करता येते का एवढेच पाहावे. देण्यास टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावे. आणि हप्त्यांची गोष्ट निघाली की कर्ज देणारा कोण, हे कागदावर दिसेपर्यंत ओटीपी कोणालाही सांगू नये.

मी संस्थेकडे, वित्तपुरवठा कंपनीकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे लेखी तक्रार केली आहे. जाहिरातीची छायाचित्रे, २०१५ हे साल दिसणारा पडदा, समन्वयकाचे घड्याळाबद्दलचे उत्तर आणि करारपत्र असे सर्व जोडले आहे. कर्जाचा करार वेगळा असल्याने हप्ते भरावेच लागतील, असे वित्तपुरवठा कंपनीने कळवले. पत खराब होऊ नये म्हणून मी २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत अठराही हप्ते भरले. तक्रारीचा निकाल अजून आलेला नाही.

तक्रार नोंदवून महिना झाला असेल, तेव्हा एक फोन आला. बोलणारी व्यक्ती स्वतःला ग्राहकांचे पैसे सोडवून देणारी सल्लागार म्हणवत होती, आणि प्रक्रिया शुल्क आगाऊ भरल्यास पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत मिळवून देईन असे सांगत होती. तिला माझे नाव, भरलेली रक्कम आणि बॅचचा क्रमांकही ठाऊक होता. बॅचचा क्रमांक मी तक्रारीत कुठेही लिहिलेला नव्हता. मी पैसे भरले नाहीत, आणि त्या फोनचा क्रमांक व वेळ तक्रारीला पुरवणी म्हणून जोडली. माझ्या बॅचमधल्या दोघांनी ते शुल्क भरले होते.