भिलारच्या थंडीत स्टीलचा बंब : दोन हिवाळ्यांचा अनुभव

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि भिलारच्या अंगाला असलेले आमचे घर तिच्या लगतचेच. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आमच्या टाकीतील पाण्यात पहाटे हात घालवत नाही. घरात सहा माणसे आहेत आणि सासूबाई पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यामुळे सकाळी सहाच्या आत कढत पाणी तयार असणे ही आमच्याकडे चैन नाही. पावसाळ्यात तारांवर फांद्या पडल्या की वीज दोन-दोन दिवस नसते, आणि धुक्याच्या महिन्यांत सौर बंबाचे पाणी कोमटही होत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी, माहेरचा तांब्याचा जुना बंब डाकाच्या जागी गळू लागला तेव्हा, आम्ही साताऱ्याच्या पेठेतून २५ लिटरचा, लाकडावर चालणारा स्टीलचा बंब आणला. दोन हिवाळे तो रोज पेटवल्यानंतर हे लिहीत आहे.

बंबाची रचना सर्वांच्या परिचयाची आहे : मध्ये जळणाची उभी नळी, तिच्या भोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राखेचा कप्पा. नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडते. त्यामुळे बंब कधी रिकामा होत नाही आणि कोरडा जळत नाही. दुकानात मात्र आपण ही रचना पाहत नाही. आपण चकाकी पाहतो, लिटर विचारतो आणि तांबे की स्टील यावर घासाघीस करतो. मीही तेच केले आणि चुकले.

तांब्याविषयी आमच्या घरांत जिव्हाळा आहे आणि तो रास्तच आहे. तांबे स्टीलपेक्षा सुमारे पंचवीस पट चांगले उष्णतावाहक आहे, फुटले तर डाक लावून दुरुस्त होते आणि मोडीतही चांगली किंमत येते. परंतु बंबात पाणी लवकर किंवा उशिरा तापणे हे पत्र्याच्या धातूवर फारसे अवलंबून नसते. उष्णतेची खरी अडवणूक ज्वाळा आणि पत्रा यांच्या मधल्या हवेच्या थरात होते, आणि नळीला आतून काजळी धरली की ती आणखी वाढते. काजळीने भरलेला तांब्याचा बंब स्वच्छ ठेवलेल्या स्टीलच्या बंबाच्या मागे पडतो, हे मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पाहिले आहे. तांब्याचा बंब वजनावर विकला जातो आणि स्टीलच्या कितीतरी महाग पडतो. तो ऐपत आणि हौस असेल तर जरूर घ्यावा, पण पाणी लवकर तापेल या आशेने घेऊ नये.

पाहायची असते ती मधली नळी. दुरुस्तीसाठी जुना बंब वाईला नेला, तेव्हा तिथल्या वयस्कर कारागिरांनी नवा बंब कसा निघाला ते विचारले आणि म्हणाले, "ताई, बाहेरून काय बघायचं? नळीत हात घालून बघायचा. मूठ आत फिरली पाहिजे." आमच्या नव्या बंबात मूठ फिरत नव्हती. नळी अरुंद असल्याने दोन ढलप्या टाकल्या की वारा खेळणे बंद होई, जळण धुपत राही आणि न्हाणीघर धुराने भरे. त्याशिवाय जाळी पातळ गजांची होती. पहिल्याच हिवाळ्यात ती मधोमध वाकली आणि निखारे अर्धवट जळूनच राखेत पडू लागले.

याहून गंभीर दोष दुकानदाराने सोय म्हणून केला होता. गरम पाणी बाहेर पडण्याच्या वरच्या तोंडाला त्याने तोटी बसवून दिली होती. ते तोंड वाफेची वाट आहे. तिथे तोटी बसवून ती बंद ठेवली की आत दाब साठतो. एका पहाटे आमच्याकडे नेमके तेच झाले : बंबातून घुर्रघुर्र आवाज आला आणि नरसाळ्यातून कढत पाणी छतापर्यंत उसळले. त्या वेळी जवळ कोणी नव्हते म्हणून निभावले. तोटी त्याच दिवशी काढून टाकली. दुकानात जाऊन सांगितले तर "सगळेच लावून घेतात" असे उत्तर मिळाले, याचे मला आजही वाईट वाटते. बंब घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की वरच्या तोंडाला तोटी, बूच, कापडाचा बोळा यांपैकी काहीही लावू देऊ नये.

तोटी काढल्यावर आणि जाळी बदलल्यावर बंबाने काम चोख केले. जानेवारीत टाकीतील पाणी १९ अंशांवर असताना मी वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन मोजले : २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास वर्षभर वाळवलेले बाभळीचे सव्वा किलो जळण आणि पंचवीस मिनिटे लागली. त्याच पाण्यासाठी २ किलोवॉटच्या गिझरला सुमारे ३६ मिनिटे आणि १.२ युनिट वीज लागते. ६० अंशांच्या पाण्यात विसण घालावे लागते, म्हणजे एवढ्यात दोघांची अंघोळ नीट होते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पावसात भिजलेले जळण घेतले, तर दोन किलोंहून अधिक लागले आणि पाऊण तास गेला. ओल्या लाकडातील पाण्याची आधी वाफ व्हावी लागते आणि त्यातच उष्णता खर्ची पडते. दोन बंबांमधील फरकापेक्षा कोरड्या आणि ओल्या जळणातील फरक कितीतरी मोठा निघाला.

जळण कुठून आणायचे, हा आमच्या भागात नाजूक प्रश्न आहे. महाबळेश्वर-पाचगणी हा पट्टा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि रानातील जांभूळ, हिरडा, अंजनी यांना हात लावणे योग्य नाही. आम्ही बांधावरच्या सिल्व्हर ओकची छाटणी, नारळाच्या करवंट्या आणि खालच्या गावांतून आणलेली बाभूळ वापरतो. करवंटीची धग चांगली असते, पण ती भडकते आणि लगेच विझते. पेटवण म्हणून ती उत्तम, सबंध बंब तिच्यावर तापवू नये.

सासूबाईंची खोलीही याच बंबावर उबदार करता येईल का, असे घरात विचारले गेले होते. थंड देशांत लाकडाचे बॉयलर नेमके हेच काम करतात : तापलेले पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरते आणि उरलेली उष्णता मोठ्या टाकीत साठते. मात्र तिथेही जळणातील ओल वीस टक्क्यांहून कमी असावी लागते, आणि खोल्यांतून परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांपेक्षा थंड असेल तर धुरातील वाफ आतच गारठून डांबर धरते व पत्रा गंजतो. शिवाय तिथली घरे दुहेरी काचांची आणि फटी बुजवलेली असतात. आमच्या घरावर मंगलोरी कौले आहेत. तिथे कितीही लाकूड जाळले तरी उष्णता कौलांतून निघून जाईल. म्हणून आम्ही खोलीला आतून लाकडी छत केले आणि रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी देतो. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. बंब असलेल्या न्हाणीघरालाही वर धूर जाण्याची आणि खाली हवा येण्याची वाट हवीच.

चार माणसांपर्यंतच्या घराला २५ लिटरचा बंब दोनदा भरला की पुरतो. आमच्यासारख्या सहा माणसांनी मोठा बंब घेण्यापेक्षा हाच आणखी एकदा भरावा, कारण तापलेल्या नळीत पुढचा घाणा पंधरा-सोळा मिनिटांत होतो. स्टीलचा पत्रा दोन हिवाळ्यांनंतरही गळलेला नाही. विहिरीच्या पाण्याचे क्षार तळाशी बसतात, ते दर महिन्याला काढतो. अरुंद नळीला उपाय नाही, म्हणून जळण बारीक फोडून घेतो. जाळी मात्र वाईहून बिडाची करून आणली असून तिच्या गजांमध्ये एक बोटाची फट ठेवली आहे, आणि गेल्या सबंध हिवाळ्यात ती तसूभरही वाकलेली नाही.