उन्हाळाभर वापरलेला व्हॉइस रेकॉर्डर: आवाज झकास, पण शांतता गिळतो

सर्व्हिस सेंटरने काल रेकॉर्डर परत दिला, वर 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी चिकटवून. म्हणून हे लिहायला बसलो. मेमरी, फॉरमॅट वगैरे खोक्यावर छापलेलंच आहे, ते इथे उगाळत नाही.

मुलीची दहावी मार्चमध्ये संपली. अकरावीला आर्ट्स घ्यायचं ठरलेलं (नातेवाइकांचे फोन आले, ते सोडा) आणि सुट्टीत तिला लालबाग-परळच्या, गिरणी कामगारांना घरी रांधून जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांवर काम करायचं होतं. शाळेने सांगितलेलं नाही, मार्क नाहीत, तिचं तिलाच सुचलेलं. असले 'समर रिसर्च' करवून घेणाऱ्या एका क्लासने ऑनलाइन मार्गदर्शक आणि सर्टिफिकेट मिळून जी फी सांगितली, तेवढ्यात असे दहा रेकॉर्डर आले असते. म्हटलं, रेकॉर्डर घे, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बस आणि लाग कामाला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांसाठी उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ, हे सगळं छापील मिळतं. एका खोलीत पाळीपाळीने जेवणाऱ्यांचं रांधायचं कसं आणि पगार थकला की हिशेब ठेवायचा कसा, हे त्या बायकांच्याच तोंडून ऐकावं लागतं.

आता मुद्द्याचं. यात व्हीओआर म्हणून एक सोय आहे. आवाज आला की रेकॉर्डिंग चालू, शांत झालं की बंद. मेमरी वाचते म्हणे. आम्ही ती पहिल्याच दिवशी बंद केली होती. पण सेल बदलले की ती आपोआप चालू होते आणि तारीखही कुठल्या तरी जुन्या सालावर जाते. एका आजींना लेकीने विचारलं, "संपात माणसं गावाला गेली, मग त्यांची उधारी?" आजी बराच वेळ बोलल्याच नाहीत. फळीवरच्या मोठ्या टोपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा घेतेस ना?" रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न संपतो न संपतो तोच चहा! ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारीने प्रश्न झटकून टाकला. लेकीने वहीत टिपून ठेवलं होतं म्हणून कळलं तरी.

गंमत म्हणजे पंखा चालू असता तर हे झालंच नसतं. पंख्याच्या घरघरीलाच हे यंत्र बोलणं समजतं आणि थांबत नाही. आवाज स्वच्छ यावा म्हणून भर मे महिन्यात त्या एवढ्याशा खोलीत पंखा बंद करायला लावला, आजी पदराने वारा घेत बोलल्या, आणि त्याचं हे फळ. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मात्र इमानेइतबारे टिपल्यात.

काउंटरवरच्या मुलाला हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "सर, पण शांतता रेकॉर्ड करून करायचं काय?" वर वॉरंटीत असताना तपासणीचे पैसे लावले.

इथपर्यंत एकच स्टार देणार होतो. लेकीने वाचलं आणि भांडली. तिचं म्हणणं, लिहून काढायच्या कामात यानेच तारलं. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. यात दोन टोकं ठरवून मधलाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकता येतो, वेगही कमी करता येतो. भरभर बोललेली मालवणी तिला त्यामुळेच लागली. फोनवर हे जमलं असतं, पण मध्येच कुणाचा तरी फोन येतो, आणि फोन समोर धरला की बायका फोटोला बसल्यासारख्या ताठ होतात. ही काडेपेटीएवढी डबी त्या विसरून जातात. वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेवलंत तर तासाला सहाशे एमबी जातात, तरी वेव्हच ठेवा. एमपी३ मध्ये जागा वाचते, पण पुटपुटलेलं हरवतं. तारखेवर उपाय म्हणून ती आता परवानगी विचारतानाच तारीख आणि पत्ता मोठ्याने बोलते. सेलच्या झाकणावर पट्टी चिकटवलीय: 'आधी व्हीओआर बघ'. चार रुपयांच्या पट्टीने जे होतं ते कंपनीला जमू नये?

तर तीन स्टार. सेल बदलल्यावर सेटिंग टिकवणारं अपडेट आलं तर चौथा देईन. तपासणीचे पैसे परत आले तर पाचवाही.