पावसाळी दुखणी: होमिओपॅथीच्या गोळ्या कुठे चालतील, कुठे नाहीत

घरात कुणी तापलं की पहिला वाद होतो तो पॅथीवरून. मी आधी एवढंच बघते, की हे दुखणं आपल्याला थांबायला सवड देतं का.

साधी सर्दी देते. भिजून अंग आखडलं तर रस टॉक्स, ओल्या हवेनं त्रास वाढला तर डल्कामारा, नाकाडोळ्यांतून पाणी गळत असेल तर कांद्यापासून केलेलं एलियम सेपा, ही होमिओपॅथीची नेहमीची निवड. दुसऱ्या बाजूला पॅरासिटामॉल, विश्रांती आणि गुळण्या. सर्दी विषाणूची असते, बहुधा सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते, आणि अँटिबायोटिकचाही तिच्यावर काही उपयोग नसतो. पाचव्या दिवशी मोकळं वाटलं की श्रेय मात्र त्या वेळी चालू असलेल्या औषधाला मिळतं. निवांत बसून सगळं ऐकून घेणाऱ्या होमिओपॅथकडे गेल्यावर जो धीर येतो, तो मी कमी लेखत नाही. गोळीचं मात्र तसं नाही. 30 पोटेन्सी म्हणजे शंभरात एक भाग असं तीस वेळा पातळ करणं. बाराव्या टप्प्यापुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरणंही अवघड. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेनं 2015 साली उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा खात्रीचा पुरावा एकाही आजारात सापडला नाही.

जुलाबांत सवड नसते, लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. आर्सेनिक अल्बम किंवा पोडोफायलम देऊन तासातासानं वाट बघणाऱ्यांनी मुलाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट न होता सावकाश खाली बसली, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर शरीरातलं पाणी संपत आलंय. इथे ओआरएसला तोड नाही. त्यातलं ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून मिठाला सोबत घेऊन जातं आणि मिठामागोमाग पाणी आत ओढलं जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट चालू राहते. पाकिटावर सांगितलंय तेवढ्याच पाण्यात ते विरघळवायचं आणि चमच्याचमच्यानं पाजत राहायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं. सोबत झिंक 10 ते 14 दिवस द्यायचं: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला 10. शौचात रक्त दिसलं किंवा मूल पीतच नसेल तर थेट रुग्णालय गाठा.

डेंगीत हाडं मोडल्यासारखी दुखतात म्हणून युपेटोरियम परफोलिएटम देतात. 'डेंगीवर तुमच्या ॲलोपॅथीकडे तरी कुठे औषध आहे?' असं त्यावर विचारलं जातं. विषाणू मारणारं खास औषध नाही हे खरंच, पण उपचार आहेत: पॅरासिटामॉल, मोजून दिलेलं पाणी किंवा सलाईन आणि सतत लक्ष. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायचं, कारण त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. खरा घात ताप उतरताना होतो. घरच्यांना वाटतं गुण आला, आणि त्याच एकदोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय यांतलं एकही दिसलं तर थांबू नका.

मलेरियाबद्दल तर मला कळकळीनं सांगायचंय. होमिओपॅथीचे जनक, जर्मन डॉक्टर हानेमान यांनी 1790 साली सिंकोनाची साल स्वतःवर वापरून बघितली, तिथूनच होमिओपॅथीचा विचार सुरू झाला. पण त्या सालीत क्विनीन असतं, आणि ते पुरेशा मात्रेत पोटात गेलं तरच मलेरियाच्या जंतूंना मारतं. फाल्सिपारम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार वेळेत उपचार न मिळाल्यास 24 तासांत गंभीर होऊ शकतो. मलेरिया आणि लहान मुलांचे जुलाब यांवर होमिओपॅथीवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही 2009 मध्ये बजावलं होतं.

लेप्टो (उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) आणि टायफॉइड हे जिवाणूंचे आजार. दोन्हींना योग्य अँटिबायोटिकच लागतं.

डेंगी-मलेरिया होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या होमिओपॅथीच्या डोसांची आणि मच्छरदाणीची तुलना मी करणार नाही. मच्छरदाणी डास अडवते, आणि डोस घेतलाय म्हणून ती न लावणारी माणसं मी पाहिली आहेत.

गोळ्या घ्यायच्याच असतील तर सर्दीत खुशाल घ्या. ताप दोन दिवस टिकला तर त्या चालू असोत वा नसोत, डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. थंडी वाजून ताप भरला, किंवा जखम असलेल्या पायानं साचलेल्या पाण्यातून चालल्यावर पुढच्या दोनतीन आठवड्यांत ताप आला, तर त्याच दिवशी जा आणि पाण्यातून चालल्याचं न विसरता सांगा.