देवबाग की भोगवे? कर्लीच्या मुखाशी दोन काठ

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला परत जायचं की या वेळी दुसरीकडे, हा प्रश्न तिथे आधी जाऊन आलेल्यांनाच पडतो. त्यामुळे किनारा केवढा, वाळू कशी, कुडाळ स्टेशनवर रिक्षा मिळते का, यात मी शिरत नाही. ज्यांना देवबाग मनापासून आवडायचं आणि मागच्या खेपेला परतताना काहीतरी खुपत राहिलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्ही वर्षानुवर्षं देवबागलाच उतरत आलो. आता कर्ली खाडीच्या पलीकडे, भोगव्याला उतरतो.

दोन गावांच्या मध्ये खाडीचं मुख आहे, एवढंच. देवबागच्या संगमावर, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथे, उभं राहिलं की समोर भोगव्याची वाळू दिसते. होडीने गेलात तर गप्पा संपायच्या आत पलीकडे पोचता. गाडीने मात्र पुलावरून चांगलाच वळसा पडतो, मग परुळ्याकडून सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाली उतरायचं. या वळशामुळेच दोन्ही गावांचं आजचं रूप इतकं वेगळं आहे, असं मला वाटतं.

आधी देवबागची बाजू मांडतो, कारण त्या गावाबद्दल नुसत्या तक्रारीच्या सुरात बोलणं मला पटत नाही. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, तारकर्लीचं निवासस्थान, न्याहारी-निवास योजना, खाडीतली हाउसबोट, स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र असं एकेक येत गेलं. आम्ही ज्या घरी उतरायचो तिथे पूर्वी पडवीला लागून दोन खोल्या होत्या आणि न्हाणीघर अंगणापलीकडे होतं. आज तिथे वरचा मजला आहे, एसी आहे, आणि मुंबईत नोकरीला असलेला थोरला मुलगा गावी परत येऊन हे सगळं चालवतो. ज्या जिल्ह्यातली घरं पिढ्यान्‌पिढ्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर चालली, तिथे मुलगा परत येणं ही साधी गोष्ट नव्हे. आपल्याला जे जुनं, निवांत देवबाग आठवतं, त्यात या मुलाला काम नव्हतं. त्यामुळे गाव बिघडलं असं कुणी म्हणालं की मला आधी त्याच्या आईचा चेहरा आठवतो.

सोयीच्या हिशेबातही देवबाग पुढेच आहे. मालवण हाकेच्या अंतरावर. रात्री मुलाला ताप आला तर डॉक्टर, औषधाचं दुकान, एटीएम सगळं जवळ. जेवणाचे पर्याय भरपूर, आणि गर्दी वाढली तरी घरगुती थाळीची चव बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. बांगड्याचं तिखलं आणि वाफाळता उकडा भात अजूनही तसाच मिळतो. दहा-पंधरा वर्षांची मुलं बरोबर असतील आणि त्यांना पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्की हवंच असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, देवबागच घ्या. स्कूबाचंही तेच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांत जे दिसतं ते जपण्यासारखं आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं, 29.12 चौरस किलोमीटरचं. थंडीत पाणी निवळ असतं तेव्हा जा, आणि बोटीत माणसं किती बसवतात ते स्वतः मोजा. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. लाइफ जॅकेट अंगावर बांधल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका, मग बोटवाला कितीही घाई करो.

मग खुपतं ते काय? गर्दी, कचरा, वाढलेले दर, त्सुनामी आयलंड म्हणतात त्या खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर उभ्या बोटींची रांग, हे सगळं खुपतं. पण या गोष्टींशी माझं जमलं असतं. कचऱ्यावर ग्रामपंचायत आणि गावकरी मनापासून मेहनत घेतात, ते दिसतं. सीझन सोडून आडवारी गेलं की दर उतरतात. सकाळी लवकर उठलं तर किनारा अजूनही आपला असतो.

माझ्यासाठी निर्णय केला तो रस्त्याने.

ज्यांनी देवबाग नीट पाहिलंय त्यांना कळेल. हे गाव म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली, यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. काही घरांच्या पुढच्या दारातून लाटा ऐकू येतात आणि मागच्या दारी खाडीत होडी बांधलेली असते. या पट्टीच्या मधोमध एकच रस्ता, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि माड. रात्रीचं जेवण झालं की या रस्त्याने संगमाच्या दिशेने चालत जाणं, हाच आमच्या देवबागचा गाभा होता. पडवीत बसलेली माणसं विचारायची, कुणाकडे उतरलात, खयचे तुम्ही, जेवलात काय. मुलं पुढे पळायची आणि आम्ही मागून सावकाश जायचो. समुद्र किंवा किल्ला आठवायच्या आधी माझ्या आईला तो रस्ता आठवायचा.

आता त्या रस्त्याने रात्री चालता येत नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही प्रत्येक वेळी प्रयत्न केला. समोरून गाडी आली की गडग्याला पाठ टेकून उभं राहायचं, ती गेली की दोन पावलं टाकायची, तोवर मागून दुसरी. मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की कुणीतरी मागे घ्यायची, आणि मागे आधीच चार उभ्या असतात. एकदा नाताळच्या सुट्टीत मासळीचा टेम्पो असाच अडकला. बर्फ वितळून पाणी रस्त्यावर ठिबकत होतं, टेम्पोवाला खाली उतरून हात जोडत होता, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न थांबत नव्हते. ज्यांच्या दारात हे चाललं होतं त्या म्हाताऱ्या काकी उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. पूर्वी याच पडवीतून त्या आम्हाला हाक मारायच्या. दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वहिनींनी आईला काळजीने सांगितलं, “काळोखातून रस्त्यार जाव नका हां, गाडयो खूप येतत.” त्यानंतर आई रात्री खोलीतून बाहेर पडली नाही.

मी या एकाच गोष्टीवर इतका अडून का बसतो, असं कुणी विचारेल. कारण बाकीच्या तक्रारींवर उपाय आहे, यावर मला दिसत नाही. रस्ता रुंद करायचा तर कुणाचं तरी अंगण जाणार, विहीर जाणार. दुसरा रस्ता काढायला जमीनच नाही. समुद्राच्या बाजूने तर उलट जमीन खाल्ली जातेय, म्हणून दगडांचे बंधारे घालावे लागले. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांच्या, 2011 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरचं ना-विकास क्षेत्र होतं. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते 50 मीटरवर आणलं. नियम सैल झाले की खोल्या वाढतात, खोल्यांबरोबर गाड्या वाढतात, आणि पट्टी तेवढीच राहते. तारकर्लीत हे इतकं जाणवत नाही, कारण तिथे गावाला थोडा पैस आहे. पण देवबागची गोडी ज्या चिंचोळेपणात होती, त्यातच आता ते गुदमरतंय. हे लिहिताना मला वाईट वाटतं. त्या गर्दीतल्या गाड्यांत एक गाडी आमचीही होती, हेही मी धरून चालतो.

आता भोगवे. पहिल्यांदा जाणाऱ्याची निराशा होऊ शकते, हे आधीच सांगून ठेवतो. घरं थोडी, खोल्या त्याहून थोड्या. जेवण आधी सांगावं लागतं, आणि दुपारी चारला पोचून “काय आहे?” असं विचारलंत तर जे घरात असेल ते मिळेल. माझ्या फोनला किनाऱ्यावर रेंज येते-जाते. पैसे रोख जवळ ठेवलेले बरे. समुद्राला उतार जास्त आहे, निदान आम्हाला तरी तसा वाटला. लाट अंगावर जोरात फुटते. तारकर्लीला मुलं ज्या बेफिकिरीने पाण्यात जायची तसं इथे आम्ही जाऊ देत नाही, गुडघाभर पाण्यातच थांबतो. पोहायलाच जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

पण रस्ता? तो सड्यावरून वळणं घेत खाली येतो आणि माडांत संपतो. पलीकडे जायला वाट नाही, त्यामुळे “जाता जाता बघू” म्हणून येणारी गाडी इथे येत नाही. येतो तो भोगव्याला म्हणून ठरवूनच येतो. सड्यावरून वळणावर किनारा पहिल्यांदा अख्खा दिसतो तिथे लोक थांबतात, फोटो काढतात, आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. खाली रात्री आठनंतर गाडीचा आवाज क्वचितच येतो. आईला घेऊन गेलो तेव्हा ती पहिल्याच संध्याकाळी काठी घेऊन एकटी फिरून आली. येताना कुणाच्या तरी अंगणातली चार जास्वंदं ओंजळीत होती, आणि त्या घरातल्या सुनेचं माहेर कुठलं तेही कळलं होतं.

सकाळची रापण हे माझ्यासाठी दुसरं कारण. होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ घेऊन परत येते, आणि किनाऱ्यावर दोन टोकांना माणसं दोर ओढायला उभी राहतात. तासभर तरी नुसते दोर येत राहतात. मग जाळ्याची पिशवी जवळ येते तशी माणसांची पावलं एकदम झपाझप पडू लागतात आणि वरती पक्षी गोळा होतात. तारली, पेडवे, बांगडे वाळूवर येतात, आणि दोर ओढायला हात लावला असेल तर पाहुण्याच्या हातावरही कुणीतरी चार बांगडे ठेवतं. देवबाग-तारकर्लीतही रापण होती आणि आहे. पण एकाच किनाऱ्यावर रापण आणि पॅरासेलिंगच्या बोटी दोन्ही कशा राहणार? कुणीतरी सरकतं, आणि मी पाहिलं तेव्हा रापणच सरकली होती.

तिसरा पर्याय म्हणून शिरोडा-वेळागर बरेच जण सुचवतात. सुरूचं बन सुंदर आहे, रेडीचा गणपती आणि आरवलीचा वेतोबा जवळ आहेत, समुद्रही मोकळा. मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून, म्हणजे जानेवारी 2023 पासून, गोव्याकडून येणं फार सोपं झालंय. हाच त्याचा गुण आणि हीच मला त्याबद्दलची धास्ती. वायंगणीला कासवांच्या पिल्लांसाठी जाणार असाल तर वेंगुर्ल्यात मुक्काम करा, ते वेगळंच सुख आहे. खोलीचा दिवा समुद्राच्या बाजूने रात्री बंद ठेवा, एवढं मात्र पाळा. मादीला किनारा काळोखाचा लागतो.

भोगवेही कायम असंच राहील अशी भाबडी आशा मी धरत नाही. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, तो भोगव्याच्या वरच्याच सड्यावर, परुळ्याजवळ. विमानं नियमित असोत वा नसोत, “जमीन विकणे आहे”च्या पाट्या लागायला तेवढं पुरतं. रेवस-रेडी सागरी महामार्गाचं कामही आहे. भोगव्यातल्या लोकांना देवबागसारखी मिळकत हवी असेल तर नको म्हणणारा मी कोण? एवढंच वाटतं की त्यांनी खाडीपलीकडे रोज दिसणाऱ्या गावाकडून दोन्ही गोष्टी बघाव्यात. परत आलेला मुलगाही, आणि दार लावून घेणाऱ्या काकीही. गाड्या सड्यावर ठेवून खाली रिक्षाने किंवा चालत यायची पद्धत आत्ताच पाडली, तर तो रस्ता वाचेल. आम्ही ज्यांच्याकडे उतरतो त्यांना हे बोलून दाखवलंय. त्यांनाही पटतं, पण पाहुणा दारात गाडी मागतो, असं ते म्हणतात. मागण्याची सवय आपणच बदलायची आहे.

तर मुलं लहान, खेळांची हौस, पहिलीच खेप, किंवा घरात कुणाची तब्येत नाजूक असेल तर देवबाग किंवा तारकर्ली घ्या. शनिवार-रविवार, नाताळ आणि मे महिना टाळा, आणि शक्यतो गाडी मालवणात ठेवून रिक्षाने आत जा. संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा हवी असेल, दिवसभर काही न करता बसायची तयारी असेल आणि बरोबर वयस्क माणूस असेल जो चालून सुखावतो, तर भोगव्याला जा, निदान दोन रात्री. आणि देवबाग पूर्ण सुटत नसेल तर आम्ही करतो तसं करा. भोगव्याला उतरून एका सकाळी होडीने पलीकडे जा, ओळखीच्या घरी वहिनींच्या हातचे घावणे आणि चहा घ्या, उन्हं चढायच्या आत परत या. होडीवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवा आणि ओहोटीची वेळ विचारून घ्या, कारण संगमावर पाण्याची ओढ जबरदस्त असते आणि त्या वेळी तो नाही म्हणाला तर आग्रह करू नका.