सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन, संध्याकाळी औशाला घरी

आरोग्य खात्यात मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स होते. औसा तालुक्यातल्या उपकेंद्रावर एकतीस वर्षं काढली. पोलिओचा डोस असो की बाळंतपण, वस्तीवर बहुतेक वेळा पायीच जावं लागायचं. रिटायर झाले तेव्हा डावा गुडघा पार गेला होता, एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं दिसायचं. गोळ्या झाल्या, शेक-मालिश झालं, गुडघ्यातली इंजेक्शनंही झाली. शेवटी मागच्या डिसेंबरात लातूरला सांधा बदलून घेतला आणि त्याच दिवशी दिवेलागणीला घरी आले. बाया अजून विचारतात, "सिस्टर, खरंच रात्रभर ठेवलं नाही का ओ?" म्हणून सगळं सविस्तर लिहिते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण कौतुकासोबत दोन तक्रारीही आहेत.

पहिलं कौतुक हे की डॉक्टरांनी "त्याच दिवशी घरी" हे सरसकट सगळ्यांच्या गळ्यात मारलं नाही. माझी तीन महिन्यांची साखर ६.९ होती, बीपी गोळीवर आटोक्यात, हृदयाचा इको चांगला. तरी पुढचे प्रश्न घराबद्दल होते. घरी सोबत कोण? पायऱ्या किती? संडास बसायचा की कमोड? रात्री गाडी निघेल का? औसा वीस किलोमीटरवर, म्हणून हो म्हणाले. माझ्यानंतर आत गेलेल्या आजी एकट्या राहायच्या आणि त्यांच्या हृदयात स्टेंट होता. त्यांना तीन दिवस ॲडमिट राहायला सांगितलं.

लघवीच्या तपासणीत इन्फेक्शन निघालं, तेव्हा तारीख आठ दिवस पुढे गेली. मुलाने सुट्टी काढलेली होती, तो वैतागला. मला मात्र डॉक्टरांवरचा विश्वास तिथंच वाढला. नव्या सांध्याला जंतू लागले तर तो उघडून धुवावा लागतो, कधी काढावाही लागतो. त्या आठ दिवसांत फिजिओथेरपीच्या मॅडमनी वॉकर धरून चालायला आधीच शिकवून ठेवलं. घरातली सतरंजी आणि पायपुसणी उचलली, कमोडची खुर्ची आणली. बाज खोलगट, तिच्यावरून उठणं अवघड, म्हणून पलंग पुढच्या खोलीत घेतला.

ऑपरेशनच्या दिवशी साडेसहाला हजर झाले. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली, नंतर दुखू नये म्हणून मांडीत नसेजवळ भुलीचं वेगळं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक दिला. रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झामिक ॲसिड दिलं. जखमेतलं रक्त काढायची ड्रेनची नळी नाही, लघवीची नळी नाही. पूर्वी वॉर्डात गुडघ्याचा पेशंट नळ्यांमध्ये अडकून आठ-आठ दिवस पडलेला मी पाहिलाय, त्यामुळे हा फरक मला लगेच कळला. एक वाजता उभं केलं तर डोळ्यांपुढे अंधारी आली, बीपी उतरला होता. सलाईन लावून परत झोपवलं. कुणी घाई केली नाही. दोनला पुन्हा उठले आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आले. मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे मॅडमनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. पाठीतल्या भुलीने लघवी अडू शकते, म्हणून ती झाल्याशिवाय सोडणार नाही असं बजावलं होतं. साडेचारला झाली.

आता पहिली तक्रार. निघायच्या वेळी मेडिक्लेमच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "चोवीस तास भरत नाहीत, क्लेम अडकेल. रात्रभर थांबा." माझ्या मुलाचा चेहरा उतरला. पॉलिसीत डे-केअर उपचाराचं कलम होतं. नव्या तंत्रामुळे चोवीस तासांच्या आत होणारे उपचार त्यात बसतात, पण कंपनीकडून तसं लेखी यायला दोन तास गेले. ही चौकशी हॉस्पिटलने तारीख देतानाच करायला हवी होती. पाय सुन्न असलेल्या बाईला व्हीलचेअरवर बसवून तिच्यापुढे पैशांचं बोलणं काढणं मला अजिबात आवडलं नाही. बिल मात्र स्वच्छ होतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींना लगाम घातला. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या नेहमीच्या सांध्याला जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांची मर्यादा होती. इम्प्लांटची किंमत बिलात वेगळी दाखवलेली असते, ती बघून घ्या. इम्प्लांटचे कंपनी आणि नंबर लिहिलेले स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत का तेही बघा.

पहिली रात्र इतकी सोपी गेली की मला वाटलं, झालं सगळं. ब्लॉकचा असर होता तो. दुसऱ्या दिवशी दुपारी सून दुखण्याची गोळी घेऊन आली, "आत्याबाई, वेळ झाली." मी म्हटलं, दुखत नाही तर कशाला पोटात ढकलायची. उभा जन्म दुसऱ्यांना घड्याळ लावून गोळ्या घ्यायला सांगितलं आणि स्वतः चुकले. रात्री दहानंतर दुखणं उसळलं, ब्लॉक तोवर पूर्ण उतरला होता. गुडघ्यात कुणी पेटतं लाकूड धरल्यासारखं झालं. बर्फ लावला, टाचेखाली उशी दिली, तरी काही फरक नाही. गुडघ्याखाली उशी घ्यावीशी वाटत होती, पण तसं केलं तर पाय वाकडाच आखडतो, म्हणून सुनेने ती घेऊ दिली नाही.

आणि इथेच दुसरी तक्रार. "रात्री केव्हाही फोन करा" म्हणून दिलेला नंबर रिसेप्शनवर लागला. तिकडून उत्तर आलं, सकाळी ओपीडीत या. सून चिडली, तिने पुन्हा लावला. वीस मिनिटांनी असिस्टंट डॉक्टरांचा फोन आला, आणि तो फोन मी विसरणार नाही. पोटरी दुखते का, दम लागतो का, ताप आहे का, पट्टी भिजली का, बोटं हलतात का, एकेक विचारलं. मग चुकलेल्या गोळीचं निघालं. कुठली गोळी आत्ता, कुठली दोन तासांनी ते सांगितलं. पहाटे चारला पुन्हा त्यांचाच फोन. तेव्हा कुठे मला डोळा लागला होता.

या सोयीत हॉस्पिटलचं काम घरावर येतं, हे कुणी स्पष्ट सांगत नाही. बर्फ, गोळ्या, रक्त पातळ करायच्या औषधाची वेळ, संडासला नेणं, रात्री दर हाकेला उठणं, हे सगळं माझ्या सुनेने केलं. तिने आठ दिवस दुकान बंद ठेवलं, ते कुठल्याच बिलात आलं नाही. डॉक्टरांनी माझ्याशी तासभर बोलणं केलं, तिच्याशी पाच मिनिटं. खरं तर उलटं हवं होतं. तरी वॉर्डातल्या दिव्यांपेक्षा, बाजूच्या पेशंटच्या कण्हण्यापेक्षा मला माझं घर बरं वाटलं. नातवाच्या आवाजाने मी वेळेवर उठून चालायचे.

तेराव्या दिवशी टाके निघाले, तीन आठवड्यांनी वॉकर सुटून काठी आली. मांडी घालून बसता येत नाही. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारची पूजा स्टुलावर बसून केली.

उजवा गुडघाही करायचाच आहे, तिथंच. या वेळी विमा कंपनीचं पत्र आधी हातात घेणार. रात्रीचा नंबर आधीच एकदा रात्री अकराला लावून बघणार. आणि उमरग्याची बहीण पंधरा दिवस राहायला येणार आहे, तिला सोबत घेऊनच डॉक्टरांपुढे बसणार.